टायरची नक्षी मोजणारा लेझर स्कॅनर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रींचे कास्टिंग पुण्याकडे पोहोचवणे आणि आंबा घाटातून रत्नागिरीला माल नेणे, हा आमचा व्यवसाय. एकूण सात मालवाहू गाड्या आहेत. गेल्या मे महिन्यात, पावसाळा तोंडावर असताना, टायरच्या खाचांची खोली मोजणारा, हातात धरून वापरायचा लेझर स्कॅनर आम्ही घेतला. त्या किमतीत मोठ्या गाडीचे तीन नवे टायर आले असते, त्यामुळे पहिल्या दिवशी आमच्या टायरवाल्या मामांनी केलेला प्रश्न अगदी रास्त होता : ‘मालक, बोटानं कळतंय की, एवढं यंत्र कशाला?’

यंत्राचे काम समजायला अवघड नाही. टायरच्या रुंदीवर ते लेझरची एक बारीक रेषा पाडते आणि तिरक्या कोनातून कॅमेरा ती रेषा टिपतो. रबराच्या उंचवट्यावर रेषा एका जागी दिसते, खाचेत उतरली की बाजूला सरकते आणि ती किती सरकली यावरून खोली काढली जाते. दोनतीन सेकंदांत मोबाईलवर संपूर्ण रुंदीचा आलेख येतो.

खरा उपयोग या आलेखाचाच आहे, हे समजायला मला दोन महिने लागले. स्टीलची पिन असलेला साधा मोजमापक एका ठिकाणचा आकडा देतो आणि माणूस सवयीने मधली खाच मोजतो. जुलैमध्ये एका गाडीच्या पुढच्या डाव्या टायरची मधली खाच ७.२ मिलिमीटर होती, म्हणजे कोणीही ‘टायर चांगला आहे’ असेच म्हटले असते. आलेखात मात्र बाहेरच्या कडेची खाच ४.९ दिसत होती आणि कडेपर्यंत सरळ उतार लागलेला होता. अलाइनमेंट तपासल्यावर टो, म्हणजे पुढची चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडल्याचे निघाले. हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा झिजतो, हे मामांना तोंडपाठ आहे. पण एवढा फरक बोटाला लागेपर्यंत टायरचे बरेच आयुष्य संपलेले असते.

मागच्या जोडचाकांच्या बाबतीत फायदा याहून मोठा झाला. शेजारचे दोन टायर एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे एक ९ मिलिमीटर खाचेचा आणि दुसरा ५ मिलिमीटर खाचेचा असा बसवला, तर व्यासात ८ मिलिमीटरचा फरक पडतो. मोठा टायर जास्त वजन उचलतो आणि लहान टायर रस्त्यावर घासत राहतो. पूर्वी आम्ही जोड्या नजरेने लावत होतो. आता सर्व टायर मोजून जवळपास सारख्या खोलीच्या खाचांचे एकत्र बसवतो. गैरसोय एवढीच, की जोडीतल्या आतल्या टायरपर्यंत स्कॅनर नीट पोहोचत नाही. बाहेरचे चाक उतरवल्याशिवाय खात्रीचे माप मिळत नाही, ही बाब विकताना कोणी सांगितली नव्हती.

मापाच्या अचूकतेबद्दल सांगायचे, तर स्वच्छ व कोरड्या टायरवर पिनच्या मापकाशी फरक ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत राहिला. पण टायर स्वच्छ असणे ही मोठीच अट आहे. आंबा घाटातून आलेल्या गाडीच्या खाचांच्या तळाशी तांबडी माती चिकटून वाळते आणि यंत्र त्या मातीलाच तळ समजते; एकदा पूर्ण एक मिलिमीटर कमी आले आणि मी चांगला टायर बाजूला काढायला निघालो होतो. ओल्या किंवा पॉलिश लावलेल्या रबरावर प्रकाश चकाकून आलेख तुटतो, भर दुपारच्या उन्हात रेषाच पुसट होते. त्यामुळे आता ब्रश मारून, खडे काढून, शेडच्या सावलीत मोजतो.

आणखी एक चूक आमची स्वतःची. खाचेत ठरावीक अंतरावर झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात आणि त्यांची जागा दाखवणारी खूण टायरच्या बाजूवर असते. लेझरची रेषा नेमकी त्यांच्यावर पडली, तर माप १.६ मिलिमीटरने कमी येते. म्हणून प्रत्येक टायरवर तीन ठिकाणी मोजावे. चारचाकी व मोठ्या गाड्यांसाठी १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान मर्यादा असली, तरी घाटातल्या पावसात त्या मर्यादेपर्यंत थांबणे मला पटत नाही. शिवाय ३ मिलिमीटरच्या आसपास टायर उतरवला, तर केसिंग (टायरचा मूळ सांगाडा) शाबूत राहून रिट्रेड, म्हणजे वरून चढवलेला नवा रबराचा थर, चांगले बसते. टायरचे वय, बाजूच्या भेगा, आतल्या तारांची इजा यांतले काहीच हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी मामांची नजर आणि हात पूर्वीइतकेच लागतात.

एकाच मोटारीच्या मालकाने यात पडू नये, त्याला पिनचा मापक पुरेसा आहे.

सहाव्या महिन्यात चार्जिंगची पिन सैल झाली. यंत्र वॉरंटीत असूनही दुरुस्त होऊन यायला एकोणीस दिवस लागले, आणि त्या काळात ॲपमधील जुन्या नोंदी पाहता येत होत्या, पण हाताने नवी नोंद करता येत नव्हती. त्या दिवसांत मामांनी पिनच्या मापकाने घेतलेली मापे दोनशे पानी वहीत गाडीनंबरवार लिहिली. यंत्र परत आले आहे, पण वही आम्ही बंद केलेली नाही.