थ्रो-बॅगचा संच: झाडावर अँटेना चढवणाऱ्या हॅमने (हौशी रेडिओवाल्याने) घ्यावा का?

घ्यावा. आवारात बारा-पंधरा मीटरचा आंबा, सुरू, निलगिरी किंवा सिल्व्हर ओक उभा असेल, तर लोखंडी मास्टवर पैसे घालण्याआधी हा संच घ्या. वजनदार पिशवी फेकून उंच फांदीवरून दोरी टाकायची, हे त्याचं काम; मुळात तो झाडांची छाटणी करणाऱ्यांसाठी बनवलेला आहे. त्यात शिशाचे छर्रे भरलेल्या दोन पिशव्या, ४५ ते ५५ मीटर गुळगुळीत बारीक दोरी आणि ती ठेवायची घडीची चौकोनी पेटी येते. दगडाला सुतळी बांधून फेकणाऱ्याला पहिल्याच दिवशी फरक कळतो, कारण दगड सुतळीतून निसटतो आणि सुतळी सालीला धरून बसते.

पिशव्या साधारण २८० ते ४५० ग्रॅमच्या मिळतात. हलकी उंच जाते, पण फांदीवरून पलीकडे गेल्यावर खाली येत नाही. आंब्याच्या खरबरीत सालीवर दोरीचं घर्षण तिच्या वजनाला भारी पडतं. म्हणून एकच घ्यायची असेल तर ३४० ते ४०० ग्रॅमची घ्या. दोरी २ मिलिमीटरच्या आसपासची, नारिंगी किंवा पिवळ्या रंगाची असावी. हिरवी दोरी पानांत दिसतच नाही. नवी दोरी वेटोळ्यांची सवय धरून येते. ती रात्रभर दोन खांबांमध्ये ताणून ठेवली की सरळ होते.

एका हाताने झोका देऊन आठ-दहा मीटर सहज जातं. त्यापुढे दुहेरी फेक हवी. दोरी पिशवीच्या कडीतून ओवून तिचा लांबट फास करायचा, दोन्ही हातांनी धरून पायांमधून दोन-तीन झोके द्यायचे आणि दोन्ही हात एकदमच सोडायचे. एक हात मागे राहिला की पिशवी तिरकी जाते. पेटी पायाशी, फेकीच्या दिशेला उघडी ठेवा. दोरी गवतावर पसरलेली असली तर एक काडीसुद्धा फेक अडवते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते चुकीच्या फांदीवरून गेलेली पिशवी मागे ओढल्याने. बेचक्यात ती हमखास अडकते. मग हिसके बसतात, दोरी ताणली जाते आणि सुटलेली पिशवी तोंडावर येते. पिशवी आधी पलीकडे जमिनीपर्यंत उतरवा, सोडून घ्या आणि नुसती दोरी परत ओढा. त्यासाठी पिशवीला ओढताच सुटणारी गाठच हवी.

संचाची खरी उणीव पुढच्या टप्प्यात आहे. थ्रो-लाइन, म्हणजे फेकायची ही बारीक दोरी, अँटेनाची दोरी नव्हे. तिने ५-६ मिलिमीटरची पॉलिएस्टर दोरी वर ओढून घ्यायची. दोन्ही टोकं एकमेकांवर वीतभर ठेवून तीन-चार अर्ध्या गाठी मारा आणि वरून चिकटपट्टी गाजरासारखी निमुळती गुंडाळा. नाहीतर जोडाचा गोळा पहिल्याच फांदीला अडतो. बाजारातली निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी उन्हाने कडक होऊन भुगा होते, काथ्या पावसात कुजतो, नायलॉन भिजला की ताणतो. पॉलिएस्टर महाग वाटलं तरी इथे काटकसर नको.

झाडाच्या दोरीच्या टोकाला कप्पी बांधा आणि कप्पीतून अँटेना ओढायची दुसरी दोरी ओवूनच ती वर न्या. १५ मीटर उंचीला दोन्ही दोऱ्या ३५-३५ मीटर लागतात. तार थेट दोन झाडांना घट्ट बांधली तर पहिल्या वळिवातच तुटते, कारण दोन्ही झाडं वेगवेगळी डोलतात. एका टोकाच्या कप्पीतल्या दोरीला ५ किलोचं वजन टांगा. बादलीत दगड घाला आणि तळाला भोकं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी साचून वजन वाढणार नाही. बादली जमिनीपासून दीड मीटरवर राहू द्या, तिच्याखाली मुलांना खेळू देऊ नका.

७.१ मेगाहर्ट्झच्या (४० मीटर बँडच्या) डायपोलला, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनाला, सूत्राने २०.१ मीटर तार येते. पीव्हीसी आवरणाची तार तीन ते पाच टक्के कमी लागते, म्हणून आधी पूर्ण लांबी ठेवा आणि मग दोन्ही बाजूंनी सारखी छाटत या. इन्सुलेटर आणि पानं यांच्यात दोन-तीन मीटर दोरी हवीच. टोकाला व्होल्टेज सर्वाधिक असतं, आणि ओली पानं लागली की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीचं माप) भरकटतो. म्हणजे झाडांत २६ मीटरचा गाळा झाला. मधे बालन (केबल आणि तार यांना जोडणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि केबल मिळून किलोभर वजन असेल तर ५ किलोच्या ताणाला मधला भाग दीड-पावणेदोन मीटर खाली झुकतो. १० मीटर उंची हवी असेल तर फांदी १२ मीटरवरची निवडा. या उंचीवर ४० मीटर बँडचा सिग्नल बहुतांश डोक्यावर जातो, पुणे-नागपूरला तो उत्तम. २० मीटर बँडला हीच उंची अर्धी तरंगलांबी होते आणि झोत क्षितिजापासून ३० अंशांवर येतो.

शेवगा आणि गुलमोहर यांच्या फांद्यांवर भरवसा ठेवू नका, वाऱ्यात त्या मोडतात. नारळाला फांदीच नाही, तिथे हा संच निरुपयोगी; पाडेल्याकडूनच कप्पी बांधून घ्या. विजेच्या तारा फेकीच्या किंवा पडणाऱ्या अँटेनाच्या आवाक्यात असतील तर ते झाड सोडून द्या. फेकण्याआधी दुर्बिणीने शेंडा नीट पाहा: उंच फांदीखाली आग्यामोहोळ लोंबत असेल आणि पिशवी त्याला लागली, तर जिवावर बेतेल. शहरात आडवी येणारी फांदी परस्पर तोडू नका, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खोडात खिळाही नको.

वीस मीटरच्या वरच्या फांदीसाठी मात्र मासेमारीचं रीळ लावलेली गलोल सरस ठरते. तिचं शिसं ३० ते ८० ग्रॅमचंच असल्याने दाट आंब्यात ते वरच लटकतं, निलगिरीवर सुरेख उतरतं. रबर जुनं झालं की फेकताना तुटतं, तेव्हा चष्मा घालूनच वापरा. आणि तुटलेला नायलॉनचा धागा झाडावर कधीही सोडू नका. मांज्यासारखाच त्यात पक्षी आणि वटवाघळं अडकून मरतात. थ्रो-लाइन जाड आणि ठळक रंगाची असते, सहसा पूर्ण परत येते. तिला पहिली पसंती देण्याचं आमच्या लेखी हेही मोठं कारण आहे.