गाडीत अडकलेली सीडी, कंट्री-पंक आणि कॉलेज रॉक: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

80-90 च्या दशकांतल्या अमेरिकन रॉक बँडमधले आर.ई.एम. कोण, रिप्लेसमेंट्स कोण, कोणाचा अल्बम कधी आला वगैरे पहिलीपासूनचा धडा मी इथे घेणार नाही, तो सगळीकडे आहे. रोजच्या वापरात हे बँड, आणि गावाकडचं कंट्री नि पंक रॉक एकत्र करणारे त्यांचे भाऊबंद, कसे टिकतात तेवढंच लिहितोय, आणि लिहायचं कारण म्हणजे परवा गॅरेजवाल्याशी झालेलं भांडण.

माझ्या गाडीत ब्लूटूथ नाही. ऑक्सचं भोक आहे पण ते खरखरतं. धड चालतो तो सीडी प्लेअर. नवीन स्टिरिओ बसवायला जेवढे पैसे लागतील तेवढी आता गाडीचीच किंमत उरलेली नाही, त्यामुळे तो विषय बंद. सेंट लुईसच्या आसपास गराज सेलमध्ये सीड्या डॉलर-दीड डॉलरला मिळतात, एका गृहस्थाने तर त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं अख्खं खोकंच उचलून दिलं, घेऊन जा म्हणाला, बायको कटकट करते. त्या खोक्यातल्या बऱ्याच सीड्या गाडीत फिरवून झाल्या आणि मग अंकल टुपेलो या बँडची 'नो डिप्रेशन' आत गेली ती बाहेर येईना. इजेक्ट दाबलं की आतून घर्र होतं आणि पुन्हा पहिलं गाणं सुरू. गॅरेजवाल्याने तपासणीचे पैसे आधी घेतले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला लेन्स गेली आहे, सीडी उडतेय, अख्खं युनिट बदला. अरे बाबा, उडत नाहीये, गाणंच तसं आहे! 'ग्रेव्हयार्ड शिफ्ट' नावाचं जे पहिलं गाणं आहे ते धावताधावता एकदम थांबतं, क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा तिघंही एकत्र उसळतात. त्याला परत परत लावून दाखवलं, आता थांबेल बघ म्हणालो, थांबलं, तरी त्याचं लेन्सच चालू. तपासणीचे पैसे गेलेच. सीडी आतच.

म्हणजे गेले कित्येक महिने ऑफिसला जाता-येता हाच एक अल्बम, आणि बाकीचे घरी जुन्या डीव्हीडी प्लेअरवर. एवढं एकच एक ऐकल्यावर माणसाला मतं येतातच.

आधी तक्रार, कारण ती मला रोज छळते. आवाजाची उडी. या लोकांना एक खोड आहे, कडवं म्हणायचं अगदी हळू, नुसती अकूस्टिक गिटार, मागे पेडल स्टील गिटार रडतंय, आणि धृवपद आलं की सगळे अॅम्प एकदम फुल्ल. 'व्हिस्की बॉटल' ऐका. हायवेवर टायरच्या आवाजात कडवं ऐकू येत नाही म्हणून मी नॉब वाढवतो, आणि मग धृवपद येतं नि शेजारच्या लेनमधला माणूस वळून बघतो. नॉब कमी करावा तर पुढचं कडवं गायब. नॉब वर, नॉब खाली, सिग्नलपर्यंत हेच. त्या नॉबवरचे आकडे आता पुसले गेलेत. बायको शेजारी असली की ती स्वतःच हात नॉबवर ठेवून बसते आणि धृवपदाच्या आधी बरोब्बर कमी करते, म्हणजे तिला गाणं आवडत नाही पण पाठ झालंय. मला कुणीतरी सांगा, तेव्हा हे लोक गाडीत गाणी ऐकत नव्हते का? दिवसचे दिवस व्हॅनमधून फिरायचे ना सगळे?

यासाठी मी दोन स्टार कापणार होतो. अजूनही एक कापलेलाच आहे.

आता फायद्याचं. 'नो डिप्रेशन' जानेवारी 1990 मध्ये बॉस्टनच्या फोर्ट अपाचे स्टुडिओत दहा दिवसांत झाली, खर्च 3,500 डॉलर. परत वाचा. साडेतीन हजार. पोरं विशीतली, जे फॅरार, जेफ ट्वीडी आणि ड्रमवर माइक हायडॉर्न. रेकॉर्डिंग करणारे शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी, म्हणजे ज्यांनी डायनोसॉर ज्युनियर या बँडचा 'बग' हा अल्बम केला तेच, आणि 'बग'वर वापरलेलीच गिटार इथेही वापरली. त्यामुळे गिटारचा आवाज कसा जाड, खरबरीत आहे, आणि त्याच आवाजात मग हे लोक कार्टर फॅमिली या जुन्या कंट्री मंडळींचं 1936 चं भजन म्हणतात, मंदीच्या काळातलं, स्वर्गात मंदी नाही असं म्हणणारं. ते गाणं मात्र ते साधं, अकूस्टिकच ठेवतात, तिथे नॉबला हात लावावा लागत नाही.

माझं सगळ्या सीड्या ऐकून जे एक मत झालंय ते असं की या जातीच्या बँडचे जेवढे अल्बम कमी पैशात आणि घाईत झाले तेवढे ते आज चांगले वाजतात, आणि जिथे कंपनीने पैसा ओतला तिथे तो 80 च्या दशकातला ड्रमचा गोडाऊनसारखा घुमणारा आवाज येऊन बसला. माझ्या चिकूपणाला सोयीचं मत आहे हे मान्य, पण ऐकून बघा.

उदाहरण, जेसन अँड द स्कॉर्चर्स. जेसन रिंगेनबर्ग इलिनॉयमधल्या डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातला, 1981 मध्ये नॅशव्हिलला गेला, तिथे त्याला वॉर्नर हॉजेससारखा गिटारवाला भेटला आणि दोघांनी मिळून कंट्रीतल्या जुन्या हँक विल्यम्सला पंकच्या वेगात पळवला. बँडच्या नावात आधी 'नॅशव्हिल स्कॉर्चर्स' होतं, मोठ्या कंपनीकडे गेल्यावर नॅशव्हिल उडालं, रॉकवाले बिचकतील म्हणून. 1983 ची छोटी 'फर्वर' ऐका, तिच्या 1984 मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीत बॉब डिलनचं गाणं असं काही फाडलंय की मूळ गाणं झोपेत म्हटल्यासारखं वाटतं. 1985 ची 'लॉस्ट अँड फाउंड' पण चांगली आहे, गाणी तर जास्तच चांगली, पण ड्रम आले की वर्ष कळतं. 'नो डिप्रेशन' ऐकून वर्ष सांगता येत नाही.

आता मीट पपेट्स. अॅरिझोनातले, पहिला अल्बम नुसता आरडाओरडा, आणि 1984 च्या दुसऱ्यात एकदम वाळवंटातलं कंट्री. गाणारा कर्ट कर्कवुड सुरात नाही. म्हणजे थोडासा बेसूर नाही, चांगलाच. पहिल्या वेळी मी सीडी काढून ठेवली होती. नोव्हेंबर 1993 मध्ये निर्वाणा बँडच्या अनप्लग्ड कार्यक्रमात त्यांचा गायक कोबेनने कर्ट आणि त्याचा भाऊ क्रिस या दोघांना स्टेजवर बोलावून याच अल्बममधली तीन गाणी म्हटली, ते सगळ्यांनी ऐकलंय, आणि कोबेनचा आवाज कितीतरी बरा. पण गंमत म्हणजे कोबेन ऐकून मूळ लावलं की मूळच चिकटतं. त्या गिटारच्या कारागिरीवर तो बेसूर आवाज मुद्दाम ठेवल्यासारखा बसतो. स्टार देताना अडचण होते अशी वस्तू.

अपडेट. वरचं लिहून काही आठवडे ठेवून दिलं होतं, मधल्या काळात एक मत पूर्ण फिरलं. अंकल टुपेलोचा तिसरा अल्बम, 'मार्च 16–20, 1992'. नावातच तारखा, पाच दिवसांत रेकॉर्ड केला म्हणून तेच नाव. जॉर्जियातल्या अथेन्समध्ये, निर्माता आर.ई.एम.चा पीटर बक. मी याला आधी फसवणूक म्हणत होतो, कारण इलेक्ट्रिक गिटार जवळपास नाहीच, बँजो आणि मँडोलिन, अर्धी गाणी जुनी पारंपरिक, खाणकामगारांची, पापाची, मरणाची. मी पंक म्हणून घेतला होता राव. पण एका रात्री बाकी सगळे झोपल्यावर अगदी कमी आवाजात लावला आणि नॉबला एकदाही हात लागला नाही. एकदाही! आवाज एका पातळीत, गिटारच्या तारेवरून बोट सरकलेलं ऐकू येतं, फॅरारचा आवाज एवढा जड की हा तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता यावर विश्वास बसत नाही. आणि तेव्हा कळलं की यात आणि 'नो डिप्रेशन'मध्ये माणूस तोच आहे, पगार पुरत नाही, गावात दुसरं काम नाही, रात्री पितो. फक्त एकात तो ओरडतोय आणि दुसऱ्यात ओरडून झालंय. वर आणि पीटर बकने या कामाचे पैसे घेतले नाहीत, पोरांना स्वतःच्या घरी राहायला दिलं. असा निर्माता मिळाला तर अल्बम चांगला होणारच. आता माझ्याकडे एक नंबर हा. 'नो डिप्रेशन' दोन.

बेलव्हिलबद्दल थोडं, कारण माझा रस्ता तिथूनच जातो. अंकल टुपेलोच्या पोरांचं हे गाव मिसिसिपी नदीच्या पलीकडे इलिनॉयमध्ये, सेंट लुईसहून फार लांब नाही. पूर्वी आसपास कोळशाच्या खाणी. गावात बिअरचा कारखाना होता, तो 1988 मध्ये बंद झाला. म्हणजे ही पोरं ज्या वयात बँड घेऊन सेंट लुईसला डेलमार रस्त्यावरच्या सिसेरोज नावाच्या तळघरातल्या बारमध्ये वाजवायची त्याच वयात गावातले कामधंदे जात होते. या प्रकारच्या संगीताबद्दल लोक टोपी, बूट, फिडल यावर बोलत बसतात, मला वाटतं कंट्रीकडून या लोकांनी घेतलेली कामाची गोष्ट म्हणजे शिफ्ट, पगार आणि उधारी यांच्यावर सरळ गाणं म्हणायची परवानगी, पंकमध्ये राग होता पण भाड्याचा हिशोब कमी होता. मेंढपाळ, घोडे, चांदणं यातलं इथे काही नाही.

आर.ई.एम.वर मला शिव्या बसणार आहेत. 'मर्मर' 1983 ची, रोलिंग स्टोनने त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम म्हणून मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या पुढे ठेवलेली. बकची रिकनबॅकर गिटार छान छनछनते, माइक मिल्सचा बेस म्हणजे दुसरी गिटारच, निर्माते मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन यांनी कुठेही भडकपणा केलेला नाही. पण गाणारा मायकल स्टाइप म्हणतो काय? सोबत शब्द छापलेले नाहीत, आणि कानाला काही लागत नाही, तोंडात सुपारी धरून बोलतोय. चाहते म्हणतात तीच मजा. असेल. मला गाडीत सोबत म्हणायला गाणं लागतं. 1984 च्या 'रेकनिंग'मध्ये रॉकव्हिल गावाला परत जाऊ नकोस म्हणणारं जे कंट्री थाटाचं गाणं आहे ते मात्र स्वच्छ कळतं आणि म्हणून तेच मला सगळ्यात आवडतं, झालं. बाकी सेकंडहँड दुकानात त्यांची 1994 ची नारिंगी 'मॉन्स्टर' ढिगाने पडलेली असते, अमेरिकेत कुठल्याही गावात जा, ती तिथे असतेच. स्वस्त आहे म्हणून घेऊ नका, पहिलं गाणं सोडून मला तरी उपयोग झाला नाही.

रिप्लेसमेंट्सवर फार लिहीत नाही. 1984 ची 'लेट इट बी' घ्या, वाद नाही. फक्त एवढंच की यांना लोक पंक म्हणतात पण 1981 मध्ये पहिल्याच सिंगलच्या मागच्या बाजूला त्यांचा गायक पॉल वेस्टरबर्गने एकट्याने गिटारवर शुद्ध कंट्री म्हटलंय. म्हणजे मिनियापोलिसच्या दारुड्या पोरांनाही ते आतून येत होतं, कुणी शिकवलं नव्हतं.

मला नेहमी प्रश्न पडायचा की एवढ्या वेगवेगळ्या आवाजाच्या लोकांना एकाच खोक्यात का ठेवतात. तर ते रेडिओमुळे. अमेरिकेत एफएमवर 88 ते 92 हा खालचा पट्टा बिनव्यापारी स्टेशनांसाठी राखीव, तिथे कॉलेजांची स्टेशनं, रात्री विद्यार्थीच गाणी लावणार. जाहिरातदार नाही त्यामुळे मालक ओरडत नाही. कंट्री स्टेशनला स्कॉर्चर्स गोंगाट वाटणार, रॉक स्टेशनला त्यांचा गावंढळ हेल नको, मग उरतं कोण? रात्री जागणारं एखादं पोर, ज्याला मीट पपेट्सनंतर कंट्रीवाला जॉनी कॅश लावायला कुणाची परवानगी लागत नाही. 1978 मध्ये सुरू झालेलं 'सीएमजे' नावाचं पत्रक या स्टेशनांवर वाजणाऱ्या गाण्यांच्या याद्या छापायला लागलं आणि मग कंपन्यांनाही कळलं इथे गिऱ्हाईक आहे. कॉलेज रॉक हे नाव त्या पट्ट्याचं आहे, आवाजाचं नाही.

पैशाचा विषय निघालाय तर हेही. पहिल्या तीन अल्बमची रॉयल्टी मिळाली नाही म्हणून अंकल टुपेलोच्या लोकांना 2000 मध्ये रॉकव्हिल या आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं, म्हणजे बँड 1994 मध्ये फुटून, फॅरारचा सन व्होल्ट आणि ट्वीडीचा विल्को सुरू होऊन बरीच वर्षं झाल्यावर. हक्क परत मिळाले आणि 2003 मध्ये तिन्ही अल्बम नव्याने आले, जास्तीची गाणी घालून. माझी सीडी त्या आधीची. मी डॉलर देतो त्यातला एक सेंटही यांना जात नाही, हे माहीत असूनही मी सेकंडहँडच घेणार, पण 'मार्च 16–20' ची नवी आवृत्ती मी पूर्ण किमतीला मागवली, एवढी एकच.

कुठून सुरू करावं विचाराल तर ज्यांना गाडीत ऐकायचंय त्यांनी 1993 ची 'अॅनोडाइन' घ्या, स्टुडिओत पाच जणांनी एकत्र उभं राहून वाजवलेली, वरून काही चिकटवलेलं नाही, फिडल आणि स्टील गिटार भरपूर, आणि उड्या कमी. घरी ऐकणाऱ्यांनी 'मार्च 16–20'. इंग्लंडच्या मेकॉन्सचं 'फिअर अँड व्हिस्की' शोधत असाल तर, लीड्सचे जुने पंक, 1984-85 च्या खाणकामगारांच्या संपाच्या काळात दारू आणि फिडल घेऊन बसलेले, त्यांचा तो अल्बम अमेरिकेत 'ओरिजिनल सिन' नावाच्या सीडीत जास्तीच्या गाण्यांसकट आहे, त्यामुळे दोन्ही घेऊन पैसे घालवू नका. ती डॉलरच्या खोक्यात कधीच सापडत नाही. मी नऊ डॉलर मोजले, घरी चार सांगितलेत.