पावसाळी महाबळेश्वरात चित्र रंगवताना: जलरंग की तैलरंग?

जुलैमध्ये महाबळेश्वरला जाऊन निसर्गचित्रे रंगवायची ठरवली की सामानात जलरंग भरावेत की तैलरंग, हा प्रश्न पडतोच. वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या गावी बहुतेकजण जलरंग उचलतात. माझे मत तैलरंगांकडे झुकते.

जलरंगांची पेटी हलकी असते आणि धुक्याचा मऊपणा त्यांच्याइतका सहज अन्य माध्यमात उतरत नाही, हे मान्यच आहे. मात्र तेथील खरा त्रास थेंबांचा नसून हवेतल्या ओलाव्याचा असतो, त्यामुळे छत्रीखाली बसूनही तो टळत नाही. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, म्हणजे जाड) कागदावर आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) दिला, तर घरी थोड्याच वेळात ओसरणारी चमक तेथे अर्ध्या तासानंतरही तशीच दिसते, आणि धीर न धरता खाली डोंगराचा हिरवा लावला की तो सरळ ढगात चढतो व कडेला फुलकोबीसारखे डाग उमटतात. कागद बरेच दिवस दमट जागी राहिला असेल, तर त्याचे सायझिंग (रंग शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ) बिघडून तो टीपकागदासारखा रंग पिऊन टाकतो.

तैलरंगात पाणी मिसळत नाही. पडलेला थेंब रंगावर मण्यासारखा उभा राहतो. तो फुंकरीने घालवावा किंवा मऊ फडक्याने अलगद टिपावा, ब्रशने मात्र पसरू नये, कारण मग पाणी रंगात घोटले जाते. गारठ्यात रंग, विशेषतः पांढरा, घट्ट होतो, तेव्हा जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब पुरतात. कॅनव्हास मागून भिजला की त्याचा ताण बिघडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) दिलेला लाकडी बोर्ड बरा. गैरसोय खरी परतताना होते: चित्र कित्येक दिवस ओले राहते, त्यामुळे ओले बोर्ड एकमेकांना न टेकता उभे राहतील असा खाचांचा डबा न्यावाच लागतो. (एसटीत तो मांडीवर घेऊन बसावे लागते, ते वेगळेच.)

ॲक्रिलिक या हवेत टाळावे. सुकण्याआधी सर आली तर ते धुऊन जाते.

हाताशी एकच दिवस असेल आणि जलरंगच वापरायचे असतील, तर पाचगणीला थांबावे. अंतर वीस किलोमीटरांच्या आत असूनही तेथे पाऊस निम्म्याहून कमी असतो. छत्री दोन्हीकडे काळी किंवा करडीच घ्यावी, कारण रंगीत छत्रीची छटा कागदावर पडून रंगांचा अंदाज चुकतो.