बालभारतीचंच, पण अभ्यासाचं नव्हे : ‘किशोर’ मासिक

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. पालकसभेत कुणी ना कुणी विचारतंच, “मॅडम, अवांतर वाचायला काय देऊ?” आणि लगेच पुढे, “पण अभ्यासाला उपयोगी पडेल असंच सांगा हं.” अशा वेळी मी बेधडक ‘किशोर’चं नाव घेते.

हे मासिक बालभारतीचं. म्हणजे १९६७ पासून आपली पाठ्यपुस्तकं तयार करणारं पुण्याचं मंडळच नोव्हेंबर १९७१ पासून पाठ्यपुस्तकाबाहेरचंही वाचायला देतंय. बालभारतीचं नाव ऐकलं की पालकांचा जीव भांड्यात पडतो. मुलांना मात्र मी ते सुरुवातीला सांगत नाही. ‘बालभारती’ म्हटलं की त्यांना घटक चाचणी आठवते!

अंकात गोष्टी, कविता, कोडी, विज्ञान, प्राणी-पक्षी असं सगळं असतं. शांता शेळके, मंगेश पाडगावकर यांच्यासारख्यांनी इथे मुलांसाठी लिहिलंय. पाठ्यपुस्तकात लेखक भेटतो तो दीड पानाच्या उताऱ्यात, आणि खाली स्वाध्याय दबा धरून बसलेला असतो. इथे गोष्ट संपली की संपली. ‘कोण कोणास म्हणाले’ नाही, रिकाम्या जागा नाहीत. माझ्या लेखी या मासिकाचा सगळ्यात मोठा गुण हाच.

खरा खजिना म्हणजे जुने अंक. १९७१ पासूनचे अंक स्कॅन करून ‘किशोर’च्या संकेतस्थळावर ठेवलेत, तेही फुकट. आमच्या गावात नेटची रड असते, म्हणून मी घरूनच उतरवून पेनड्राइव्हवर नेते आणि शनिवारी सकाळच्या शाळेत लोकवर्गणीतून मिळालेल्या टीव्हीवर लावते. एकदा मुलांना म्हटलं, आई किंवा पप्पा सहावीत होते त्या वर्षाचा अंक शोधायचा. आता वर्ष काढायचं म्हणजे घरी विचारणं आलं, वयातून वय वजा करणं आलं. एकीची आजीच म्हणाली, तुझ्या आईला सहावी कुठली, तिचं लग्नाचं बघत होते आम्ही. त्या मुलीने मग मामाचं वर्ष घेतलं.

अंक उघडल्यावर सगळ्यांची नजर आधी जाते किमतीवर. “एवढ्यात अख्खं पुस्तक?” यावर हशा पिकतो. मग चित्रं. मग कुणीतरी मोठ्याने वाचायला लागतं आणि मागच्या बाकावरून “थांब की, पान नको सरकवू” अशी ओरड येते. जो मुलगा धडा वाचताना शब्दाशब्दाला अडखळतो, तोच कोड्याचं उत्तर दुसऱ्याच्या आधी सापडावं म्हणून भराभर वाचतो, हे मी पाहिलंय.

मोबाइलवर जुने अंक वाचणं जरा जिकिरीचं. स्कॅन केलेलं पान मोठ्या अंकाचं आणि पडदा तळहाताएवढा, त्यामुळे बोटांनी मोठं करत, डावी-उजवीकडे सरकवत जावं लागतं. छापील अंकाची सर त्याला नाही. काही जुन्या गोष्टींत उपदेशाचा डोसही जरा जास्त आहे. मुलं तो भाग सरळ गाळतात, मीही गाळू देते. चौथी ते आठवीला हे मासिक चपखल. नववी-दहावीच्या मुलांना ‘लहान मुलांचं’ वाटतं, त्यांना दुसरं काहीतरी शोधा.

आणि गुरुजनहो, हात जोडून एक विनंती. वाचून झालं की सारांश लिहून आणायला सांगू नका. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो काढायचे आणि वर्षभर कपाट बंद, असलंही नको. मी आधी होते त्या एका शाळेत कपाटाची किल्ली फक्त तपासणीच्या दिवशी दिसायची. पुस्तकं कोरी करकरीत होती, अगदी पानं एकमेकांना चिकटलेली. फाटलेला अंक दिसला की मला तरी बरं वाटतं.

विकत घ्यायचं तर आधी दिवाळी अंक घ्या, तो जाडजूड असतो आणि सुट्टीभर पुरतो. निवडक साहित्याचे ‘निवडक किशोर’ हे खंडही निघालेत, ते शाळेच्या ग्रंथालयाला शोभतील. घरी मात्र मासिकच बरं. वर्गणी भरणार असाल तर पत्त्यावर बापाचं नाव घालू नका, मुलाचं घाला. दोन भावंडं असतील तर दोघांचीही घाला. आमच्या शेजारी एकाचंच घातलं होतं, तर पाकीट कोणी फोडायचं यावरून अंकाचं मुखपृष्ठच फाटलं.