लेगोचा हिरो की बांदाईचा रोबो? घेण्याआधी सांधे बघा

मुलाला किंवा भाच्याला वाढदिवसाला स्वतः जोडायची ॲक्शन फिगर द्यायची असेल, तर मुंबईत साधारण दोन पर्याय समोर येतात. मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानात लेगोच्या ठोकळ्यांचे सुपरहिरो आणि त्यांचे रोबो-चिलखतवाले अवतार मांडलेले असतात. हॉबीच्या दुकानांत किंवा ऑनलाइन जपानच्या बांदाई कंपनीचे, गंडम या जपानी कार्टूनमधले रोबो मिळतात, ज्यांना सगळे गनप्ला म्हणतात. खोक्यावरची चित्रं दोन्हीकडे जबरदस्त असतात आणि जोडताना दोन्हीत मजा येतेच. माझ्या मते फिगर चांगली की वाईट हे जोडून झाल्यावर ठरतं. मूल ती हातात घेतं, उभी करतं, हात वर करून पाहतं. तिथे सगळी मदार सांध्यांवर असते.

आधी लेगोबद्दल, कारण माझी तक्रार तिथेच जास्त आहे. या कंपनीला सांधे जमत नाहीत असं अजिबात नाही. 2001 मध्ये त्यांनी बायोनिकल ही ॲक्शन फिगर्सची मालिका आणली आणि 2010 पर्यंत चालवली. मोठा गोळा, त्यावर घट्ट बसणारी खोबण, असा तो सांधा होता. गोळ्याचा व्यास जवळपास 10 मिलिमीटर. 2011 मध्ये हीरो फॅक्टरी या मालिकेसाठी त्यांनी नवी पद्धत काढली: आत हाडांसारखे तुकडे आणि वरून कवचं. ती साधी होती, पण तिची फिगर दणकट उभी राहायची आणि रोज खेळून टिकायची. त्याच पद्धतीवर 2015 पासून काही वर्षं स्टार वॉर्सच्या फिगर्सही आल्या. मग हे सगळं बाजूला पडलं आणि आता बहुतेक फिगर्स नेहमीच्या ठोकळ्यांतून, पट्ट्यांतून आणि 2014 मध्ये मिक्सेल्स या मालिकेबरोबर आलेल्या लहान गोळ्यांच्या सांध्यांतून बांधल्या जातात.

चेहरा आणि छाती आता खूप सुबक दिसते, हे मान्यच करायला हवं. पण अंग जड झालं आणि सांधे लहान झाले. लहान गोळ्याला पकड कमी असते. लांब हात आडवा धरला की त्याचं वजन सांध्यावर येतं आणि हात हळूहळू खाली येतो. काही सांध्यांना आत दाते असतात, ते टकटक करत फिरतात. ते पक्के राहतात, पण हवा तो कोन मिळत नाही; एक दाता मागे किंवा एक पुढे.

2020 मध्ये आलेले मार्व्हलचे छोटे रोबो-चिलखत संच घ्या. साधारण दीडशे तुकडे, आत एक छोटा माणूस बसतो, कल्पना अतिशय छान. पण त्यांना गुडघाच नाही. पाय कमरेत फिरतो, घोट्यात फिरतो आणि मधला भाग सरळ खांब. धावणारा, उडी मारून उतरणारा, एक गुडघा टेकून बसलेला हिरो त्यातून होत नाही. सुपरहिरोच्या खेळण्यात ही उणीव लहान म्हणता येत नाही, कारण त्या सगळ्या पात्रांची ओळखच अशा पवित्र्यांनी होते. मोठ्या फिगर्समध्येही काही ठिकाणी कोपर किंवा गुडघा पक्का बांधलेला असतो. म्हणून खोकं हातात आलं की मागच्या बाजूचे फोटो नीट बघा. एकाही फोटोत गुडघा वाकलेला नसेल, तर तो वाकतच नाही असं समजून चाला.

आणखी एक गोष्ट फोटोत लपते: पाठ. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या फिगरच्या पोटऱ्या आणि दंड मागून पोकळ असतात, ठोकळ्यांच्या पोटातल्या नळ्या उघड्या दिसतात. शोकेसमध्ये भिंतीला पाठ लावून ठेवली तर चालून जातं. मुलाच्या हातात ती सगळीकडून दिसते. छातीवरच्या नक्षीसाठी छपाईऐवजी स्टिकर असेल, तर वक्र तुकड्यावर तो लावणं दहा वर्षांच्या मुलासाठी अवघडच, आणि मुंबईच्या पावसाळ्यात अशा स्टिकरच्या कडा उचलायला लागतात.

बांदाईकडे वळलं की सांध्यांच्या बाबतीत एकदम वेगळ्याच पातळीचं काम दिसतं. पहिले गनप्ला 1980 मध्ये आले. त्यांना गोंद लागायचा, रंगही बरेचसे स्वतःच द्यावे लागायचे. आज तसं काही लागत नाही. प्लॅस्टिकच्या चौकटी येतात, त्यांना रनर म्हणतात. प्रत्येक रंगाचे भाग त्या-त्या रंगातच ओतलेले असतात, ते काढायचे आणि एकमेकांत दाबून बसवायचे. मूळ गोष्टीतला गंडम रोबो 18 मीटर उंच, म्हणून 1/144 मापाचं मॉडेल साडेबारा सेंटिमीटरचं होतं. एवढ्याशा उंचीत गुडघा दोन ठिकाणी वाकतो, खांदा पुढे सरकतो, कंबर फिरते आणि घोटा बाजूला कलतो, त्यामुळे पाय फाकवूनही तळवे जमिनीला टेकलेले राहतात. माझ्या दृष्टीने चांगल्या फिगरची खरी परीक्षा या घोट्यात आहे. घोटा कलत नसेल, तर बाकी सगळं हलत असूनही फिगर दोन पवित्र्यांपलीकडे उभी राहत नाही.

नवख्यासाठी 2020 मध्ये आलेला एंट्री ग्रेड गंडम मला सर्वांत आवडतो. भाग हाताने मोडून निघतात, निपर म्हणजे भाग कापायची छोटी पक्कड लागत नाही. एकही स्टिकर नाही, डोळ्यांचा रंगसुद्धा वेगळ्या भागातून येतो. जपानमध्ये त्याची किंमत 700 येन होती, म्हणजे तिथे शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत बसेल अशी. आपल्याकडे तो तितका स्वस्त पडत नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. तरीही मोठ्या लेगो फिगरपेक्षा हा खर्च सहसा कमीच असतो.

मग लेगो का घ्यावं? कारण बांदाईचा सांधा उत्तम असला तरी तो बंद आहे. जोडलं की ते मॉडेल तेच राहतं. भाग पुन्हा उघडायला गेलं तर खिळ वाकते किंवा तुटते. डोक्यावरची शिंगं नाजूक असतात, धाकटं भावंड घरात असेल तर ती पहिल्या आठवड्यात जातील. याउलट लेगोच्या फिगरमधली चूक मुलाच्या हाताने दुरुस्त होते. गुडघा नाही? मांडीतल्या दोन पट्ट्या काढा, घरातल्या जुन्या डब्यातला एक सांधा मध्ये घाला, उंची थोडी वाढेल पण पाय वाकेल. ज्या मुलाला असं काही करून बघायची खुमखुमी आहे, त्याच्यासाठी अपुरं डिझाइनसुद्धा चांगलं खेळणं ठरतं. ज्याला सूचनापुस्तक संपलं की काम संपलं असं वाटतं, त्याच्यासाठी मात्र ते फक्त अपुरंच राहतं.

या दोन्हींच्या मधली एक मालिका आहे, आणि तिची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही: बांदाईचीच थर्टी मिनिट्स मिशन्स, 2019 पासूनची. यातले रोबो कुठल्याही कार्टूनमधले नाहीत, म्हणून आपल्या मुलांना नावाचं आकर्षण नसतं. पण अंगभर 3 मिलिमीटरची भोकं असतात, हात-पाय एका रोबोचे काढून दुसऱ्याला लावता येतात, शस्त्रं आणि चिलखतं वेगळी मिळतात. सांधे पक्के, आणि तरीही अदलाबदलीला मोकळे. दोन मित्रांनी एकेक घेतला तर मजा दुप्पट होते. फक्त यासाठी निपर घ्यावा लागतो आणि पहिल्या वेळी मोठ्या माणसाने शेजारी बसावं.

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि स्टेशनबाहेर मिळणाऱ्या बिननावाच्या नकला मी सुचवणार नाही. त्यात एक सांधा इतका घट्ट की दांडा पिळून तुटतो, दुसरा इतका सैल की पाय गळून पडतो. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते खोक्यावर शोधा.

आता प्रत्यक्ष निवड. मूल आठ वर्षांच्या आतलं असेल तर यातलं काहीच नको, साधे ठोकळे भरपूर द्या. घरात आधीच लेगोचा मोठा डबा आहे आणि मूल सारखं काहीतरी मोडून जोडत असतं, तर लेगोची फिगर घ्या, पण गुडघे-कोपरं तपासून. दहाच्या पुढचं, हात स्थिर असलेलं, कपाटावर पवित्रे मांडून ठेवणारं मूल असेल तर एंट्री ग्रेड डोळे झाकून घ्या. तो जोडून त्याने दुसरा मागितला, की थर्टी मिनिट्स मिशन्स आणि एक बरा निपर एकत्रच घ्या. नखं कापायच्या कटरने कापलं तर भागांवर पांढरे डाग पडतात आणि गडद रंगाच्या प्लॅस्टिकवर ते कायम दिसत राहतात.