किर्लोस्करवाडीची एकदिवसीय सहल : एक अभिप्राय

कोल्हापुरातील एका सहल संस्थेने रेल्वेने नेलेली किर्लोस्करवाडीची एकदिवसीय सहल माहितीच्या दृष्टीने उत्तम, पण नियोजनात ढिसाळ वाटली. बेळगावात नगरपालिकेने जागा सोडायला लावल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील माळरान दिले आणि १९१० मध्ये तेथे नांगराच्या कारखान्याबरोबरच कामगारांची वसाहतही उभी राहू लागली, ही हकीकत मार्गदर्शकांनी रंगवून सांगितली. निवडुंगाने भरलेल्या, पाण्याची वानवा असलेल्या त्या माळावर कामगार टिकवायचे तर घर, पाणी आणि शाळा मालकानेच पुरवणे भाग होते, हा त्यांचा मुद्दा मला पटला. मात्र नोकरी सुटली की घरही सुटते, ही अशा वसाहतींची दुसरी बाजू विचारल्यावरच पुढे आली.

हातात दिलेला नकाशा इतका पुसट झेरॉक्स केलेला होता की कारखाना कुठला आणि वस्ती कुठली, हे बोट ठेवून विचारावे लागे. शिवाय आत जाण्याची परवानगी आधी काढलेली नसल्याने कारखाना फाटकाबाहेरूनच पाहावा लागला, आणि शुल्क मात्र पूर्ण घेतले गेले. जेवण ठीक होते.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या आपल्याच शाहू मिलचा उल्लेखही झाला नाही, हे कोल्हापूरकर म्हणून खटकले. परवानगीची खात्री करूनच नाव नोंदवावे.