.32 रिव्हॉल्व्हर की .32 पिस्तूल? चुकून गोळी सुटण्याची भीती असेल तर

हत्याराचा परवाना मिळाला की दुकानात पहिला प्रश्न हाच येतो (.32 हे नळीचं माप). मी आठ वर्षं पिस्तूल बाळगलं, मग परवानगी काढून ते विकलं आणि रिव्हॉल्व्हर घेतलं. वजन, किंमत, गोळ्या तुम्ही पाहिल्याच असतील. मी फक्त चुकून गोळी सुटण्याबद्दल लिहितो.

पिस्तूल चपटं, शर्टाखाली दिसत नाही, आणि गोळी सुटू न देणारा सेफ्टीचा खटका लावला की जीव निर्धास्त होतो. माझं अडलं ते या खटक्यापाशीच. जुन्या घडणीच्या बऱ्याच .32 पिस्तुलांत सेफ्टी लावली की स्लाइडही, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भागही, अडकतो. चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला सुटायला तयार बसलेली गोळी काढायची तर आधी सेफ्टी काढावी लागते. ती सर्वांत जास्त हवी असते, नेमकी तेव्हाच नसते. 2019 च्या लोकसभेला आचारसंहिता लागली आणि मी ठाण्यात हत्यार जमा करायला गेलो. हवालदारसाहेब म्हणाले, "खाली करून दाखवा." मी मॅगझिन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, काढून टेबलावर ठेवलं आणि पिस्तूल पुढे केलं. "आणि चेंबर?" सेफ्टी काढून स्लाइड ओढली, तशी एक पितळी गोळी टपकन रजिस्टरवर पडली आणि घरंगळत गेली. मॅगझिन निघालं म्हणजे पिस्तूल रिकामं, असं मी धरून चाललो होतो. घरी मुलगा सात वर्षांचा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

रिव्हॉल्व्हर उघडलं की फिरत्या चक्रातली गोळ्यांची सहाही घरं डोळ्यांसमोर. गोळी आहे की नाही हे आठवावं लागत नाही, दिसतं. हॅमर (मागचा, काडतुसावर आपटणारा घोडा) न चढवता चाप ओढायला बोटाला चांगला जोरही लागतो.

रिव्हॉल्व्हरला सेफ्टीच नसते, असं लोक म्हणतात, आणि बहुतेकांना खटका नसतो हे खरं. 1 ऑक्टोबर 2024 ला अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, तेव्हा मलाही बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं. म्हणून घेताना एक गोष्ट नक्की विचारा: हॅमर आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर आहे का? चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो हटत नाही, म्हणून हत्यार पडून हॅमरवर मार बसला तरी गोळी सुटत नाही. जुन्या हत्यारात तो नसेल तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवा, पाचच गोळ्या भरा. आणि हॅमर चढवून ठेवू नका. चढवलेल्या हॅमरवर चाप फार हलका होतो, आणि उतरवताना अंगठा निसटला की गोळी सुटलीच.

नियमित रेंजवर नेमबाजीच्या सरावाला जाणाऱ्याला, चेंबर कायम रिकामं ठेवणाऱ्याला पिस्तूल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. लहान मुलाला स्लाइड सहज ओढता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण माझ्यासारख्या, वर्षातून चारदा हत्यार हाताळणाऱ्याला रिव्हॉल्व्हरच बरं वाटतं. कुलूप मात्र दोन्हींना लागतंच.

2024 च्या विधानसभेला मी ठाण्यात रिव्हॉल्व्हर उघडूनच टेबलावर ठेवलं. हवालदारांनी सहा रिकाम्या घरांतून पलीकडचा उजेड पाहिला आणि रजिस्टर पुढे ओढलं.